शंखातला खेकडा घरी आणलाय? आधी तो कुठला आहे ते ओळखा



आपल्या पेजवर नेहमी मासळीचे भाव, डिझेल, बंदीच्या तारखा, इंजिनाची कामं असलं लिहिलेलं असतं. आजचा विषय लहान पोरांचा वाटेल. पण त्यात माझी स्वतःची चूक झालेली आहे. ती चूक आपल्यापैकी कुणाचीही होऊ शकते, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी बहीण पलसाण्याला असते. आपल्याकडच्या बऱ्याच घरांतली माणसं सुरत, कडोदरा, पलसाणा या पट्ट्यात मिलच्या कामाला आहेत, त्यामुळे गाव नवीन नाही. मुंबई-अहमदाबाद हायवेवरचं गाव, आजूबाजूला ऊस आणि कापडाच्या मिल. समुद्र म्हणाल तर डुमसचा, तोही तीसेक किलोमीटरवर. भाच्याला खेकड्यांचं वेड, आजोळचं रक्त म्हणा. त्याच्या बापाने मुंबईहून येताना दुकानातून शंखातले दोन खेकडे आणून दिले. एक प्लास्टिकचा डबा, तळाला मूठभर वाळू आणि खाण्याची पुडी एवढंच सामान सोबत मिळालं. बहिणीने शहाणपणा करून डबा बदलला, बादलीभर वाळू घातली.

काही दिवसांनी तिचा फोन आला. "दादा, एक खेकडा दहा दिवस झाले वाळूत गेलाय, वरच येत नाही. मेला असेल का?"

मी म्हटलं, "दहा दिवस कसला जगतोय? उकर आणि टाकून दे, नाहीतर वास सुटेल."

तिने उकरलं. खेकडा जिवंत होता. अंग पांढरट, लोण्यासारखं मऊ, पाय हळूहळू हलत होते. पोराने आनंदाने हातात घेतला, पाण्याने धुतला, उन्हात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो मेला. तो कात टाकत होता. वाळूखाली गुपचूप बसून जुनं कवच सोडायचं आणि नवं घट्ट होईपर्यंत थांबायचं, एवढंच त्याचं काम चाललं होतं.

लाज याची वाटली की हे मला ठाऊक असायला हवं होतं. खाडीतली मऊ चिंबोरी आपण सगळ्यांनी हातात धरलेली आहे. कात टाकायच्या वेळी ती बिळात, चिपीच्या मुळांत लपते हे आपल्या म्हाताऱ्यांनी आपल्याला शिकवलं. तरी फोनवर मी "टाकून दे" म्हटलं. खेकडा म्हणजे आपला विषय, त्यात आपल्याला काय नवीन कळायचंय, ही घमेंड नडली. त्यानंतर माहिती काढली, जाणत्यांना विचारलं. जे समजलं ते खाली लिहितोय.

१) हा प्राणी आहे तरी काय?

याला कुणी शंखातला खेकडा म्हणतं, कुणी साधू खेकडा, संन्यासी खेकडा. दुकानात हर्मिट क्रॅब म्हणतात. नावात खेकडा असला तरी आपली चिंबोरी आणि हा एका घरातले नव्हेत. चिंबोरीचं सगळं अंग कवचात असतं. याचं पुढचं अंग आणि पाय कडक, पण मागचा पोटाचा भाग मऊ आणि पीळ पडलेला असतो. त्या मऊ भागाला संरक्षण नाही, म्हणून तो मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधतो आणि त्यात मागून शिरतो. शेवटचे बारीक पाय शंखाच्या आत धरून ठेवायला वापरतो, पुढचे पाय चालायला, आणि मोठा डेंगा दाराला लावायला.

शंख तो स्वतः तयार करत नाही. अंग वाढलं की शंख अपुरा पडतो आणि मोठा शोधावा लागतो. किनाऱ्यावर एखादा चांगला मोठा रिकामा शंख पडला की कधीकधी गंमत बघायला मिळते. खेकडे जमा होतात, मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लागते. सगळ्यात मोठा नव्या शंखात गेला की त्याचा जुना दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. चाळीत मोठी खोली रिकामी झाली की सगळी बिऱ्हाडं एकेक घर पुढे सरकावीत, तसं. म्हणून शंख ही याच्यासाठी शोभेची वस्तू नाही. शंख नसला तर तो उन्हाने सुकतो किंवा कुणाच्या तरी तोंडी जातो.

२) दोन प्रकार, आणि इथेच सगळे चुकतात

शंखातल्या खेकड्यांचे ढोबळ दोन प्रकार समजा.

पहिला पाण्यातला. डोलीत, ट्रॉलच्या जाळ्यात कचऱ्याबरोबर येतो तो. ओहोटीला खडकातल्या डबक्यात, चिखलात चालताना दिसतो तो. हा माशासारखा पाण्यातूनच श्वास घेतो. डबक्यातला असेल तर कल्ले ओले असेपर्यंत काही तास बाहेर निभावतो. पण कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवला की गुदमरतो.

दुसरा जमिनीवरचा. दुकानात पाळायला मिळतो तो हा. लहानपणाचे पहिले आठवडे हा समुद्रात पोहत काढतो, मग शंख घेऊन किनाऱ्यावर चढतो आणि पुढचं सगळं आयुष्य जमिनीवर काढतो. रात्री हिंडतो, झाडावरसुद्धा चढतो. याचे कल्ले दमट हवेतून श्वास घेण्यासारखे झालेले असतात. हा पाण्यात बुडवून ठेवला तर मरतो, आणि हवा कोरडी असली तरीही मरतो.

म्हणजे एकाला जे जगवतं तेच दुसऱ्याला मारतं. पोरं जाळ्यातला खेकडा वाळूच्या डब्यात ठेवतात आणि दुकानातला पाण्याच्या बरणीत. दोन्ही मरतात, आणि आपण म्हणतो, "हे खेकडे घरात जगतच नाहीत."

ओळखायचं कसं? कुठे सापडला ही पहिली खूण. जाळं, डबकं, चिखल म्हणजे पाण्यातला. दुकानातून कोरड्या डब्यात आला म्हणजे जमिनीवरचा. दुसरी खूण, दोन्ही डेंगे जवळपास सारखे असतील तर तो पाण्यातला. पण डावा डेंगा मोठा असेल तर लगेच ठरवू नका, दोन्हीकडे तसे असतात. जमिनीवरच्याच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात आणि त्या सारख्या हलत असतात. शंका आली तर जिथून आणला तिथे विचारा.

३) जाळ्यातला किंवा डबक्यातला खेकडा पोराने घरी आणला असेल तर

सरळ सांगतो, नवशिक्याने हा पाळायच्या फंदात पडू नये. त्याला खाऱ्या पाण्याची टाकी, हवेचा पंप, फिल्टर आणि सारखी राखलेली खारटपणाची पातळी लागते. ते काम महिन्या-दोन महिन्यांची तयारी केल्याशिवाय जमत नाही. त्याऐवजी एवढं करा:

• नळाच्या किंवा बोअरिंगच्या पाण्यात टाकू नका. गोड्या पाण्याने त्याच्या अंगातला मिठाचा तोल बिघडतो.
• जिथून आणला तिथलंच समुद्राचं पाणी पसरट ताटलीत घ्या. पाणी थोडंच, खेकडा जेमतेम बुडेल इतकं. खोल बादलीत तळाला हवा पोचत नाही.
• सावलीत ठेवा, वरून ओलं फडकं टाका. एका ताटलीत एक-दोनच ठेवा.
• पोराला दाखवा, पाय मोजायला लावा, फोटो काढू द्या. आणि पुढच्या भरतीच्या आत जिथून आणला तिथेच सोडून या.

पोराला यात काही कमी पडत नाही. उलट ओहोटीला डबक्याशेजारी अर्धा तास गप्प बसलं तर टाकीत दिसणार नाही एवढं दिसतं. एकच ध्यानात ठेवा, मालवणचं सागरी अभयारण्य किंवा जामनगरकडचं सागरी राष्ट्रीय उद्यान अशा राखीव ठिकाणाहून काहीही उचलायचं नाही. तो गुन्हा आहे.

४) दुकानातला, म्हणजे जमिनीवरचा, घरी आलाच असेल तर

आता त्याला जगवायचं आहे. बहिणीकडचा दुसरा खेकडा अजून आहे, त्याच्यासाठी आम्ही जे केलं तेच सांगतो.

*टाकी:* सोबत मिळालेला जाळीचा किंवा लहान प्लास्टिकचा डबा फक्त प्रवासापुरता. दोन-तीन लहान खेकड्यांना साधारण दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच काचेची टाकी बरी. माशांची जुनी, गळकी टाकी चालते, कारण आत पाणी भरायचं नाही. वर काचेचं झाकण हवं, थोडी फट ठेवून. झाकण दोन कारणांसाठी. दमटपणा टिकतो आणि खेकडा पळत नाही. हे कोपऱ्यातल्या सिलिकॉनला धरूनही वर चढतात.

*वाळू:* ही सगळ्यात महत्त्वाची. किमान सहा इंच, आणि सगळ्यात मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट. पाच भाग बारीक स्वच्छ वाळू आणि एक भाग नारळाचा भुसा, म्हणजे नर्सरीत मिळतं ते कोकोपीट, खत न मिसळलेलं. किनाऱ्यावरची वाळू घेणार असाल तर चार-पाच पाण्यांनी धुऊन, कढईत भाजून, गार करून मग वापरा. सुरतेकडच्या किनाऱ्यावरचा चिखल नको. तो दगडासारखा सुकतो. ओलावा किती? मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे आणि पाणी गळता कामा नये. कोरड्या वाळूत खेकड्याने केलेलं भुयार ढासळतं आणि तो कात टाकतानाच दबतो.

*दमटपणा:* हवेतला दमटपणा ७० ते ८० टक्के असावा, ८० च्या आसपास उत्तम. तो मोजायचं लहान डिजिटल यंत्र बाजारात मिळतं. अंदाजावर जाऊ नका. आपण किनाऱ्यावरची माणसं, दमट हवेची आपल्याला इतकी सवय की दुसरीकडची हवा कोरडी आहे हे लक्षातच येत नाही. पावसाळ्यात पलसाण्याला काही करावं लागत नाही. पण हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला तिथली हवा कोरडी पडते. कोरड्या हवेत खेकडा एका दिवसात मरत नाही. कल्ले हळूहळू सुकतात, तो सुस्त होतो आणि आठवड्यांनी मरतो. मग कारण कुणाला कळत नाही. झाकण नीट ठेवलं आणि वाळू ओलसर असली तर बहुतेक काम होतं.

*ऊब:* २४ ते ३० अंश. थंडीत रात्री पारा खाली गेला तर टाकीच्या मागच्या काचेला, वाळूच्या पातळीच्या वर, बाहेरून लावायची गरम पट्टी मिळते. ती तळाला लावू नका. उकाड्यापासून वाचायला खेकडा खाली जातो आणि खालीच भाजतो. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत टाकी ठेवू नका, खिडकीतल्या थेट उन्हात तर कधीच नाही. काच आणि ऊन मिळून टाकीची भट्टी होते.

*पाणी:* दोन वाट्या हव्यात, एक गोड पाण्याची, एक समुद्राच्या पाण्याची. दोन्ही इतक्या खोल की खेकडा शंखासकट भिजेल, पण आत गोटे ठेवा म्हणजे चढून बाहेर येता येईल. हा शंखात थोडं पाणी साठवून घेतो आणि त्याचा खारटपणा स्वतः जुळवतो, म्हणून दोन्ही लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायचे थेंब माशांच्या दुकानात मिळतात, ते वापरा. खारं पाणी घरच्या आयोडीनच्या मिठाचं करू नका. माशांच्या दुकानातलं समुद्री मीठ एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम.

इथे आपल्या लोकांचा फायदा आहे. बोट बाहेर गेली की बंदरापासून लांब, स्वच्छ निळ्या पाण्यात एक कॅन भरून आणायला सांगा. बंदरातलं पाणी नको, त्यावर डिझेलचा तवंग असतो. कॅन तेलाचा नसावा. पाणी फडक्याने गाळून अंधारात ठेवा. आम्ही बहिणीला असाच कॅन पाठवतो. वाट्यांतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदला.

*शंख:* दर खेकड्यामागे निदान तीन-चार रिकामे शंख, अंगावरच्यापेक्षा थोड्या मोठ्या तोंडाचे. रंगवलेले शंख घेऊ नका. रंगाचे पापुद्रे सुटतात आणि खेकडा ते खातो. आपल्याकडे घरोघरी जुने शंख पडलेले असतात. उकळून, गार करून टाकीत ठेवा. काही दुर्मीळ शंखांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे मोठे, शोभेचे, विकत आणलेले शंख टाळा. साधे गोगलगायीचे शंख पुरतात. आणि अंगावरचा शंख ओढून काढायचा प्रयत्न कुणीही करू नका. खेकडा शंख सोडत नाही. तो तुटतो, पण सोडत नाही.

*खाणं:* पुडीतल्या खाण्यावर ठेवू नका. हा सगळं खातो, आणि आपल्या घरात त्याचं खाणं भरलेलं आहे. मीठ न लावता सुकवलेला बोंबील, जवळा, सुकी करंदी, उकडलेल्या माशाचा तुकडा, ओलं खोबरं, केळं, पपई, आंबा, सुकी पानं. मीठ, मसाला, तेल काही नको. खारवलेली मासळी देऊ नका. कवचासाठी चुना लागतो, त्याला माकुळाचं हाड, म्हणजे समुद्रफेस, सगळ्यात उत्तम. एक तुकडा टाकीत कायमचा ठेवून द्या. नाहीतर अंड्याची टरफलं उकळून, कुटून. थोडंच द्या, संध्याकाळी द्या, सकाळी उरलेलं काढा.

*सोबत:* नाव संन्यासी असलं तरी हा एकटा राहणारा नव्हे. मोकळ्या जागी हे घोळक्याने असतात. दोन-तीन साधारण सारख्या आकाराचे एकत्र ठेवा, शंख भरपूर ठेवा, म्हणजे घरावरून मारामारी होत नाही.

५) वाळूत गेला की हात लावायचा नाही

ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहिली ते हेच. आधी काही दिवस तो जास्त खातो, पाण्यात जास्त बसतो, मग सुस्त होतो, डोळे धुरकट दिसतात, रंग फिका पडतो. मग वाळूत शिरतो आणि दिसेनासा होतो.

लहान खेकडा चार आठवडे खाली राहू शकतो. मोठा दोन महिने, कधी त्याहूनही जास्त. खाली तो भुयार करतो, जुनं कवच सोडतो, मऊ अंगाने पडून राहतो आणि आपलंच जुनं कवच खातो. नवं कवच घट्ट करायला लागणारा चुना त्यातच असतो. म्हणून वर येताना कवच वर दिसलं नाही तर घाबरू नका, आणि दिसलं तर उचलून फेकू नका. पुष्कळांना पोकळ कवच बघून खेकडा मेला असं वाटतं. एखादा डेंगा किंवा पाय तुटलेला असेल तर तोही कात टाकताना परत फुटतो.

मेलाय हे कसं ओळखायचं? मेलेला खेकडा सडक्या मासळीसारखा वास मारतो. तो वास आपल्याला कुणी शिकवायला नको. वास नसेल तर थांबा. वरच्या वाट्या भरत राहा, वाळू ओली राहते का बघा, आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. उकरू नका, टाकी हलवू नका, पोरांना काठी घालू देऊ नका.

नवीन आणलेला खेकडा दुकानात आणि प्रवासात आधीच दमलेला असतो. पहिला महिना त्याला खाणं-पाणी देण्यापलीकडे काही करू नका.

६) घरातल्या चार सवयी

• मच्छर अगरबत्ती, भिंतीला लावायचं औषधाचं मशीन, झुरळाचा स्प्रे त्या खोलीत नको. किड्याला मारणारं औषध खेकड्यालाही मारतं, दोघांची शरीरं सारख्याच घडणीची आहेत.
• उदबत्ती, चुलीचा धूर, रंगाचा वास यापासून टाकी लांब ठेवा.
• हातात घ्यायचाच तर शंख पाठीमागून धरा, जमिनीजवळ, तळहात ताणून. ढिली कातडी मिळाली की तो डेंगा लावतो. लावला तर ओढू नका. हात कोमट पाण्याखाली धरा किंवा वाळूवर ठेवा, तो स्वतः सोडतो.
• हाताला साबण, तेल, क्रीम नको. नंतर पोरांचे हात साबणाने धुवा.

७) घ्यायचा की नाही?

मला विचाराल तर हौसेपोटी आणू नका. कारण सांगतो. याची मादी अंडी शंखात, पोटाला लावून सांभाळते आणि पिल्लं समुद्रात सोडते. पिल्लांना जगायला समुद्रच लागतो. त्यामुळे याची कुक्कुटपालनासारखी पैदास होत नाही. दुकानातला जवळजवळ प्रत्येक खेकडा कुठल्या तरी किनाऱ्यावरून उचललेला असतो. चांगल्या जागी हा तीस वर्षंसुद्धा जगतो. लहान डब्यात, रंगवलेल्या शंखात तो काही महिन्यांत संपतो. आपण त्याला 'नाजूक' म्हणतो, पण नाजूक तो नसतो, सोय अपुरी असते.

आणलाच असेल तर मात्र सांभाळा. कंटाळा आला म्हणून डुमसला किंवा आपल्या किनाऱ्यावर नेऊन सोडू नका. तो कुठल्या किनाऱ्याचा, कुठला रोग बरोबर घेऊन आला, काही माहीत नसतं. सांभाळणं जमत नसेल तर ज्याला जमतं त्याला द्या.

८) आणि बोटमालकांसाठी एक गोष्ट

हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर आणि पॅसिफिकमधल्या हेंडरसन बेटावर शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावरचा प्लास्टिक कचरा तपासला. शंखातले खेकडे उघड्या तोंडाच्या बाटल्यांत शिरतात, गुळगुळीत भिंतीवरून परत चढता येत नाही, आणि आतच मरतात. त्यांचा अंदाज असा निघाला की एकट्या कोकोस बेटांवर सुमारे ५ लाख ८ हजार आणि हेंडरसनवर सुमारे ६१ हजार खेकडे असे अडकून मेले. वाईट हे की मेलेल्या खेकड्याचा वास दुसऱ्या खेकड्यांना 'शंख रिकामा झाला' असा निरोप देतो. मग दुसरा शिरतो, मग तिसरा. एक बाटली म्हणजे कायमचा लावून ठेवलेला सापळा. मागे सोडून दिलेलं जाळं जसं कुणी ओढलं नाही तरी मासे मारत राहतं, तशीच ही बाटली.

२०२४ मध्ये पोलंडच्या शास्त्रज्ञांनी लोकांनी टाकलेले फोटो तपासले. त्यांना जमिनीवरच्या १६ पैकी १० जातींचे खेकडे बाटलीची झाकणं आणि तसला कचरा शंखासारखा पाठीवर घेऊन फिरताना दिसले.

तेव्हा नाखव्यांना आणि तांडेलांना विनंती, पाण्याच्या बाटल्या, ऑइलचे डबे, झाकणं समुद्रात टाकू नका, गोणीत भरून बंदराला आणा. जाळं साफ करताना शंखातले खेकडे दिसले तर कचऱ्याबरोबर उन्हात न टाकता पाण्यात परत सोडा. शंख गोळा करून उकळायच्या आधी आत कुणी राहतंय का ते बघा. आणि किनाऱ्यावरचे सगळे शंख पोरांना उचलू देऊ नका. आपल्याला जो रिकामा शंख वाटतो, ते कुणाचं तरी उद्याचं घर असतं.

बहिणीकडच्या दुसऱ्या खेकड्याचं सांगून थांबतो. नवी टाकी केली, वाळू वाढवली, कॅनचं पाणी गेलं. मागच्या महिन्यात तोही वाळूत गेला. भाच्याने कॅलेंडरवर तारखेभोवती गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'हात लावायचा नाही.' सदतिसाव्या रात्री तो वर आला, रंगाने उजळ, अंगाने थोडा मोठा. टाकीतल्या मोठ्या शंखाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सकाळपर्यंत त्यात राहायला गेला. तो शंख मीच पाठवला होता.

आता भाचा एकट्याला सोबत हवी म्हणून मागे लागलाय. दुकानातून नवा आणायचा नाही, कुणाला नकोसा झालेला असेल तर घ्यायचा, असं ठरलंय. आपल्यापैकी कुणाच्या घरी असा पडून असेल तर सोसायटीच्या ऑफिसात सांगा. शंख आणि माकुळाची हाडं हवी असतील तर तीही तिथे ठेवलेली आहेत, फुकट घेऊन जा.